पाच ते सात

दाजी पळायला लागले ते तब्येतीसाठी नव्हे. कोणी प्रश्न विचारू नये म्हणून.

हे सांगितलं की लोक हसतात. पण ज्याने बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बावीस वर्षं काढली आहेत, त्याला हसू येणार नाही. काचेला बशीएवढं भोक, भोकाखाली कागद सरकवायला फट, आत एक खुर्ची, एक माइक आणि दाजी. बाहेर दिवसभर तोंडं. अमुक गाडी गेली का, तमुक कधी येणार, ती त्या फाट्यावर थांबते का, आणि थांबत नसेल तर का थांबत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साक्षात ब्रह्मदेवालाही देता आलं नसतं, पण ब्रह्मदेव काही खिडकीत बसत नाही.

नुसतं 'गेली' म्हटलं की माणूस भडकतो आणि भोकात तोंड घालून भांडायला लागतो, हे दाजी पहिल्या वर्षातच शिकले. मग त्यांनी एक रीत बसवली. गेलेल्या गाडीवर थांबायचंच नाही. 'ती गेली, पुढची चार दहाला, फलाट सहा.' ऐकणारा लगेच पुढच्या गाडीच्या मागे लागतो आणि भांडण राहून जातं. नव्या कारकुनांनाही ते हेच शिकवायचे. नाही म्हणायचं नाही, पुढची सांगायची. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी मुलीने 'बाबा, दूध संपलं का?' विचारलं तरी ते म्हणायचे, 'संपलं. पुढचं सहाला.'

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं चार. दाजींचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, कानाने कमी ऐकायचे. त्यामुळे ते प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत, एकदा विचारायचा म्हणून आणि एकदा उत्तर ऐकू आलं नाही म्हणून. मुलगी कॉलेजात. तिला बापाला काही विचारायचं नसे, पण सांगायचं खूप असे. बायको एका दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायच्या टेबलावर काम करायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. डॉक्टर आले का, माझा नंबर कधी, हे तिथे तिला. आणि घरी आल्यावर जेवायला काय आहे, हे चौघांपैकी तिघांचं.

चार वर्षांपूर्वी दाजींची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दाजी पहाटे चालायला लागले, तर वसाहतीतले लोक बरोबर चालत यायचे. 'चौकशीवाले, साडेसहाची अजून तिकडूनच जाते ना?' एकदा समोरून असाच एक ओळखीचा चेहरा येताना दिसला आणि दाजी त्याला चुकवायला म्हणून चार पावलं पळाले. त्या माणसाने हात वर केला, तोंड उघडलं आणि दाजी पुढे गेल्यावर मिटून घेतलं. दाजींना शोध लागला. पळणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात, काय झालं आणि कोण मागे लागलंय. दोन्हींचं उत्तर द्यायला तो थांबत नाही.

तेव्हापासून पहाटे पाच ते सात दाजी पळू लागले. पायात साधे कापडी बूट, मनगटावर जुनं घड्याळ. सहा वाजेपर्यंत जिकडे पाय नेतील तिकडे जायचं आणि सहाला मागे फिरायचं, एवढाच हिशेब. किती अंतर होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. बावीस तास दाजी कोणाचे ना कोणाचे असत. ते दोन तास ते कोणाचेच नसत.

मग ते मेव्हण्याच्या नजरेला पडले.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. खुर्च्या, टेबलं, मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. माणूस मनाचा मोठा आणि आवाजाचा त्याहून मोठा. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे धंद्यातून उरलेला सगळा उत्साह तो जो सापडेल त्याच्यावर ओतायचा. एकदा पहाटे टेम्पोत खुर्च्या भरून तो शहराबाहेरच्या रस्त्याने येत होता, तर घरापासून अकरा किलोमीटरवर त्याला दाजी पळताना दिसले. आधी त्याला वाटलं, घरी भांडण झालं. त्याने टेम्पो आडवा घातला. खुलासा झाल्यावर तो इतका हरखला की त्याने दाजींना खुर्च्यांवर बसवून घरी आणलं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ओरडत गेला, "ताई, अगं तुझा नवरा बावीस किलोमीटर पळतो! रोज!"

चहा पिता पिता त्याने विचारलं, "दाजी, ती मोठी मॅरेथॉन पळणार का?"

साध्या माणसाने 'नाही रे बाबा' म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. पण दाजींच्या खिडकीसमोरच्या खांबावर एक जाहिरात महिनाभर चिकटवलेली होती आणि येताजाता वाचून ती त्यांना तोंडपाठ झाली होती. त्यांच्या तोंडून बावीस वर्षांची सवय बोलली.

"बेचाळीस किलोमीटरची गेल्या महिन्यात झाली. पुढची डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. अल्ट्रा. पन्नास किलोमीटर, पहाटे साडेपाच, तलावाभोवतीचा रस्ता."

मेव्हण्याने कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही सगळं ठरवूनच बसलाय!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दाजी 'तसं नव्हे' म्हणेपर्यंत मेव्हण्याने फोनवर फॉर्म उघडला होता, मुलगी टाळ्या वाजवत होती आणि नाना विचारत होते, "कोण ठरलं? कोण ठरलं?"

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला खाली हॉर्न वाजला. मेव्हणा स्कूटर घेऊन हजर. पुढे पाण्याच्या बाटल्या, मागे केळी. "तुम्ही पळा दाजी, मी आहे बाजूने." आणि तो खरोखरच बाजूने राहिला, सात महिने. दाजी पळायचे, स्कूटर त्यांच्या डाव्या कोपराशी फुरफुरत चालायची आणि मेव्हणा विचारायचा. श्वास कसा आहे? पोटरी काय म्हणते? काल झोप किती झाली? उजवा पाय जरा बाहेर पडतो का? घाम खारट आहे का? या शेवटच्या प्रश्नावर दाजी थबकलेच. घाम दुसरा कसला असतो? पण फोनवर कोणीतरी मेव्हण्याला खारटपणा बघायला सांगितलं होतं.

परत आल्यावर मेव्हणा वर यायचा. चहा, उकडलेले बटाटे, वर तासभर चर्चा. मुलीने फ्रिजवर तक्ता लावला. नाना सकाळी उठल्या उठल्या विचारायचे, "किती झाले?" आणि मग पुन्हा, "किती?" बसस्थानकाच्या व्यवस्थापकाला बातमी लागली, तर त्याने दाजींच्याच माइकवरून, दाजींच्याच खिडकीतून जाहीर केलं की आपल्या चौकशीचे कर्मचारी पन्नास किलोमीटर धावणार आहेत. त्या दिवसापासून भोकाबाहेरची तोंडं गाडीचं विचारून झालं की तयारीचं विचारायला लागली.

दाजींनी दोनदा सुटायचा प्रयत्न केला. एकदा गुडघा दुखतोय म्हणाले, तर मेव्हण्याने गुडघ्याचा पट्टा आणला आणि तो बांधायला तीन आठवडे जातीने वर येत राहिला. दुसऱ्यांदा ते चारलाच गुपचूप निघाले. परत आले तर जिन्यात मेव्हणा रडवेला बसलेला, म्हणे मला वाटलं तुम्हाला काही झालं. त्याचा तो चेहरा बघून दाजींनीच त्याची समजूत घातली. आपल्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला 'तू येऊ नकोस' कसं सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दाजींना घरात, रस्त्यावर, खिडकीत, सगळीकडे कोंडल्यासारखं व्हायला लागलं. पूर्वी निदान दोन तास दार उघडं असायचं.

पण एक आशा होती. शर्यत झाली की हे थांबेल. एकदा पन्नास किलोमीटर संपवले की मेव्हणा दुसरं काहीतरी धरेल आणि आपली पहाट आपल्याला परत मिळेल. दाजी शर्यतीला उभे राहिले ते एवढ्याच एका आशेवर.

तलावाभोवतीचा रस्ता बरोबर दोन किलोमीटरचा होता. म्हणजे पंचवीस फेऱ्या, आठ तासांत, दीडच्या आत. आयोजकांना मेव्हण्याने दोनशे खुर्च्या फुकट दिल्या होत्या आणि बदल्यात रस्त्याच्या कडेला स्वतःचा छोटा मांडव टाकायची परवानगी घेतली होती. मांडवात नाना, मुलगी, बायको, बटाट्यांचं पातेलं आणि लाउडस्पीकर. सरळ रस्त्याची शर्यत असती तर घरचे एकदा मागे पडले असते. इथे ते दर दोन किलोमीटरला पुन्हा समोर यायचे. दाजी कितीही पळाले तरी घरीच पोचत होते.

"आले आले आले! आपले दाजी! फेरी नऊ! चेहऱ्यावर बघा हसू!" लाउडस्पीकर गर्जायचा. हसू नव्हतं, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तोंड तसं झालं होतं. मुलगी विचारायची पाणी की मीठ-साखर, नाना विचारायचे किती झाले, मेव्हणा माइक पुढे करून विचारायचा कसं वाटतंय. दाजी मान हलवून सुटायचे. बायको तेवढी खुर्चीत गप्प बसलेली असायची. तिच्या मांडीवर टॉवेल असायचा, तो ती पुढे करायची आणि परत घ्यायची.

वीस किलोमीटर बरे गेले. तिशीनंतर मांड्या जड झाल्या, डाव्या अंगठ्याखाली फोड आला. पांढऱ्या टोपीचा एक माणूस दर तीन-चार फेऱ्यांनी दाजींना मागे टाकून जायचा. त्याचं कोणीच आलेलं नव्हतं. एका दगडावर स्वतःची पाण्याची बाटली ठेवायची, येताना उचलायची, दोन घोट घ्यायचे आणि पुढे. दाजी त्याच्याकडे आशाळभूतपणे बघायचे. सोळाव्या फेरीत तो त्यांच्या शेजारी आला आणि धापा टाकत म्हणाला, "तुमचं बरं आहे हो. घरचे सगळे आलेत."

आणि त्याच फेरीच्या शेवटी लाउडस्पीकरवरून तलावाच्या चारही कडांना ऐकू गेलं. "मंडळी, एक आनंदाची बातमी! आपल्या दाजींचं पुढचं लक्ष्य, शंभर किलोमीटर! फॉर्म आत्ताच भरलाय! तयारी उद्या पहाटे पाचपासून!"

दाजींचं पळणं आपोआप थांबलं आणि ते चालायला लागले. आपण आत्ताच थांबलो तर? पन्नास झालेच नाहीत तर शंभरचं कोण बोलेल? ते लंगडत मांडवापाशी आले आणि मुलीला हळूच म्हणाले, "नाही झालं तर?"

"टेन्शन नको घेऊ बाबा," मुलगी त्यांच्या मानेवर पाणी ओतत म्हणाली. "मामाने बघून ठेवलंय. नाही झालं तर फेब्रुवारीत पुन्हा पन्नास. बदला घ्यायचाच!"

इकडे आड, तिकडे विहीर. पूर्ण केलं तर शंभर, सोडलं तर पुन्हा पन्नास. जिंकलं तरी उद्या पावणेपाचला हॉर्न आणि हरलं तरी उद्या पावणेपाचला हॉर्न. सतरावी, अठरावी, एकोणिसावी फेरी दाजींनी याच विचारात काढली. त्यांना पहिल्यांदा स्पष्ट कळलं की पाय चालवून यातून सुटका नाही. जे करायचं ते तोंडाने करायला हवं होतं, सात महिन्यांपूर्वी, चहा पिताना. आणि ते अजूनही होत नव्हतं. प्रत्येक फेरीला मांडवापाशी ते ओठ उघडायचे, समोर मेव्हण्याचा घामाने भिजलेला, उजळलेला चेहरा यायचा, आणि ओठ मिटायचे. दाजींना स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लाउडस्पीकर म्हणाला, "आनंदाश्रू!"

एकविसावी फेरी संपली, बेचाळीस किलोमीटर झाले, आणि दाजी मांडवात येऊन खुर्चीत बसले. बसू नये म्हणतात, बसलं की उठवत नाही. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चार फेऱ्या उरल्या होत्या.

"काय झालं? गोळा आला? चक्कर? डॉक्टरांना बोलवू? मीठ देऊ?" मेव्हणा, मुलगी आणि नाना, तिघंही वाकले. नानांनी तर दोन-दोनदा विचारलं.

तेवढ्यात बायको उठली. टॉवेल खुर्चीवर ठेवून तिने पदर खोचला आणि म्हणाली, "शेवटच्या फेऱ्यांना बरोबर कोणी आलं तर चालतं ना? सकाळी आयोजक सांगत होते. मी येते एक फेरी."

"ताई, अगं तू चपलांवर? मी जातो ना—"

"तू इथेच थांब," ती म्हणाली आणि चालायला लागली. दाजींना उठावंच लागलं.

अर्धी फेरी तिच्या चपलांचा आवाज आणि दाजींच्या बुटांचा फरफटता आवाज, एवढंच. तिने कसं वाटतंय विचारलं नाही. पाण्याची बाटली धरली होती तीही पुढे केली नाही. पलीकडच्या काठाला, जिथे लाउडस्पीकर पुसट ऐकू येत होता, तिथे दाजी म्हणाले, "मला हे नकोय."

"पळणं?"

"पळणं हवंय. हे नकोय. तो स्कूटरवरून येतो ते नकोय. शंभर नकोय. माझे ते दोन तास होते ग. तेवढेच होते माझे."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, एवढं करतो बिचारा तुमच्यासाठी. भाऊ तिचाच होता.

"मला माहितीये," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच कळलं मला. मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलताय त्याची. सात महिने वाट बघतेय." तिचा आवाज चढला. "तुमचे दोन तास गेले म्हणून तुम्ही रडताय. माझे गेले ते?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं.

"चार वर्षं तुम्ही पाचला बाहेर पडायचात. नाना झोपलेले, पोरगी झोपलेली. सातपर्यंत घरात मला हाक मारणारं कोणी नसायचं. मी काय करायची माहितीये?"

"काय?"

"काही नाही. दिवासुद्धा लावायची नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि एका स्टुलावर बसून दुसऱ्यावर पाय टाकायची. चहासुद्धा ठेवायची नाही, भांडं वाजलं की नाना उठतात. नुसती बसायची. दिवसभर दवाखान्यात नंबर कधी, नंबर कधी. घरी आलं की जेवायला काय. ते दोन तास मला कोणी काही विचारायचं नाही." तिने बाटलीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. "आता पावणेपाचला हॉर्न. चारला उठून बटाटे उकडा. सातला तो वर येतो, त्याला चहा. तो माझा भाऊ आहे, मला त्याचं वाईट वाटतं, घरी त्याला कोण आहे? पण माझी सकाळ गेली ती तुम्ही तोंड उघडलं नाहीत म्हणून गेली."

दाजींना आपण चार वर्षं दार लावून बाहेर पडायचो तो आवाज आठवला. त्या दाराच्या आत काय असेल, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. दिवसभर जगाला उत्तरं देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांना लाज वाटली, अगदी पायाच्या फोडापेक्षा जास्त दुखेल इतकी.

"मग तू का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"काय सांगू? सकाळी नवरा घरात नसला की मला बरं वाटतं, असं?"

"वाटतं का?"

"पाच ते सात, हो," ती म्हणाली. मग दोघंही हसले, पण हसताना दाजींच्या बरगडीत कळ आली आणि ते थांबले.

मांडव जवळ आला तसा लाउडस्पीकर मोठा होत गेला. "आले आले! जोडीने आले! फेरी बावीस!" मेव्हणा पुढे धावत आला आणि माइक दाजींच्या तोंडापुढे धरून म्हणाला, "दोन शब्द, दाजी! कसं वाटतंय?"

दाजींनी माइक हाताने खाली केला. तो चालूच होता.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

हे तलावाच्या चारही कडांना ऐकू गेलं. मेव्हण्याला पहिल्यांदा कळलंच नाही. तो म्हणाला, "उद्या विश्रांती ना? बरोबर. मग परवा—"

"परवाही नको. मला एकट्याने पळायचंय. शंभर पळायचे नाहीत. फॉर्म काढून टाक."

मेव्हण्याने खाली बघून माइकचं बटण बंद केलं. ते बंद करायला त्याला दोनदा दाबावं लागलं. नाना विचारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला?" आणि या वेळी कोणीच सांगत नव्हतं. मुलगी बापाकडे, मग मामाकडे बघत राहिली. बायको दाजींच्या शेजारी उभी होती. तिने सारवासारव केली नाही, आणि तिला ते किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

"मला वाटलं तुम्हाला आवडतंय," मेव्हणा म्हणाला. "आधी बोलायचं होतंत दाजी. मी काय ऐकलं नसतं का?"

"ऐकलं असतंस. चूक माझी आहे."

बोलायला काही नसलेला मेव्हणा दाजींनी पहिल्यांदाच पाहिला आणि त्यांना तो बघवेना. ते वळले आणि उरलेल्या तीन फेऱ्यांना लागले.

त्या तीन फेऱ्या लाउडस्पीकर बंद होता. दाजी मांडवापाशी यायचे तेव्हा मुलगी मुकाट पाणी द्यायची. जो सन्नाटा त्यांना सात महिने हवा होता तो मिळाला होता, आणि तो गोड मुळीच नव्हता. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, दर पावलाला फोड बोंब मारत होता, आणि डोक्यात मेव्हण्याचं ते दोनदा बटण दाबणं फिरत होतं. तरीही त्यांना बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही. एक वाजून बावीस मिनिटांनी पन्नास किलोमीटर पूर्ण झाले. पांढऱ्या टोपीचा माणूस आधीच संपवून बसला होता, त्याने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी गळ्यात पदक घातलं.

मेव्हण्याने तोपर्यंत मांडव उतरवला होता. खुर्च्या टेम्पोत रचून झाल्या होत्या, एकच खाली ठेवली होती. ती त्याने दाजींच्या मागे सरकवली आणि म्हणाला, "बसा." तेवढंच. त्याने सगळ्यांना घरी सोडलं, पण चहाला वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला हॉर्न वाजला नाही. दाजी जागेच होते. आपण हॉर्नची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचं नवल वाटलं. बिचारा जागा असेल का, काय करत असेल, असं मनात आलं आणि बराच वेळ गेलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचं त्यांनी ठरवलं.

मग त्यांनी पाय हलवून बघितले. पाय हलेनात. गुडघ्यापासून वर सगळं लाकूड झालं होतं. आज पळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी रजा काढली होती, आठपर्यंत झोपून राहिले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. शेजारी बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. ती उठत नव्हती, कारण ते घरात होते.

दाजींनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवले आणि भिंत धरून उभे राहिले. कापडी बूट सुजलेल्या पायांत जाईनात, म्हणून चपला घातल्या. पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

तीन मजले उतरायचे होते. सरळ उतरता येईना, म्हणून कठडा दोन्ही हातांनी धरून ते उलटे उतरले, एक एक पायरी, मागे चाचपत, दातावर दात दाबून. पन्नास किलोमीटरांत रडले नव्हते तेवढे त्या जिन्यात रडवेले झाले. खाली पोचले तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर ते टेकले आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर दिवा नव्हता. थोड्या वेळाने स्वयंपाकघराची खिडकी आतून उघडली आणि कोणी बाहेर डोकावलं नाही.

थंडी बरीच होती आणि अंगावर नुसता सदरा होता. दाजी हात काखेत घालून सात वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.